तळघरातील पाणीगळती व जलरोधन

इमारतीचा जो मजला पूर्णतः वा अंशतः भोवतालच्या जमिनीच्या पातळीखाली असतो त्याला तळघर म्हणतात. तळघराच्या काँक्रीटच्या भिंतींना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : वरच्या मजल्यांचा भार पायापर्यंत पोहोचविणे व बाहेरील मातीचा आणि मातीतील पाण्याचा आडवा दाब सहन करणे. बाहेरचे पाणी भिंतीतून, तळाच्या स्लॅबमधून अथवा या दोहोंच्या सांध्यातून आत येणे म्हणजे तळघराची गळती. ती होऊ नये म्हणून किंवा झाल्यावर ती थांबविण्यासाठी योजावयाच्या उपायांना जलरोधन ही संज्ञा लावतात.

छपराची गळती व तळघराची गळती यांत मूलभूत फरक आहे. छपरावरचे पाणी उताराने निघून जाते; तळघराच्या भिंतीमागील पाणी तेथेच साठून राहते व त्याचा भिंतीवर सतत दाब असतो. त्यामुळे आतून एक भेग बुजविली, तर तेच पाणी शेजारच्या सांध्यातून वा कच्च्या जागेतून वाट काढते. म्हणून उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पाणी भिंतीपर्यंत येऊ न देणे, आलेल्या पाण्याचा निचरा करून दाब कमी करणे व त्यानंतर भिंतीतील वाटा बंद करणे हा तो क्रम होय. व्यवहारात बहुधा तो उलटा पाळला जातो व त्यामुळेच पुष्कळ दुरुस्त्या पुढील पावसाळ्यात निकामी ठरतात.

पूर्वपीठिका : पाणी अडविण्यासाठी नैसर्गिक बिटुमेनचा वापर प्राचीन काळापासून होत आला आहे. मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहाच्या बांधकामात विटा जिप्समच्या मसाल्यात बसवून त्यांच्यामागे बिटुमेनचा थर दिलेला आढळतो. तेथे पाणी आत राखावयाचे होते, तर तळघरात ते बाहेर राखावयाचे असते. तथापि अखंड व लवचिक थराने पाणी रोखण्याचे तत्त्व एकच आहे. भारतात पुढे चुना व सुरखी यांचा मसाला या कामी दीर्घकाळ वापरला गेला. महाराष्ट्रात जमिनीखाली धान्य साठविण्याची पेवे जेथे जमीन कोरडी राहते तेथेच खोदली जात. सांगलीजवळील हरिपूर परिसरातील हळदीची पेवे यासाठी प्रसिद्ध आहेत. तेथील मातीच्या गुणामुळे हळद वर्षानुवर्षे कोरडी राही; मात्र कृष्णेच्या २००५ मधील महापुरात पेवांत पाणी शिरून मालाची मोठी हानी झाली. सर्वांत खात्रीचे जलरोधन म्हणजे बाहेर पाणीच नसणे, हे यावरून दिसून येते.

१८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व (पेटंट) घेतले. पुढे प्रबलित काँक्रीटचा प्रसार झाल्यावर पाण्याच्या पातळीखालीही मोठी तळघरे बांधणे शक्य झाले [→ काँक्रीट]. उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात वरची जमीन गोठून फुगते व तिच्यासह उथळ पाया उचलला जातो. म्हणून पाया गोठण्याच्या पातळीखाली न्यावा लागतो व एवीतेवी केलेल्या खोदाईचा उपयोग करून घराखाली तळघर बांधण्याची प्रथा तेथे पडली. अशा घरांच्या भिंती सामान्यतः २० ते २५ सेंमी. जाडीच्या असतात व वसंत ऋतूत बर्फ वितळू लागला म्हणजे त्या गळू लागतात. भारतात तळघरे मुख्यतः मोठ्या शहरांतील उंच इमारतींखाली वाहनतळासाठी बांधली जातात व गळतीचा काळ पावसाळा हा असतो.

पाण्याचा दाब : स्थिर पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. पाण्याच्या पृष्ठाखाली १ मी. खोलीवर दर चौ. मी. क्षेत्रावर सु. १,००० किग्रॅ. भार येतो. तळघराच्या बाहेर ३ मी. उंचीपर्यंत पाणी साठले, तर भिंतीच्या तळाशी दर चौ. मी.ला सु. ३,००० किग्रॅ. दाब पडतो आणि भिंतीच्या दर मीटर लांबीवर पाण्याचा एकूण आडवा रेटा सु. ४,५०० किग्रॅ. होतो. मातीचा रेटा याहून निराळा असतो. बहुतेक गळती भिंतीच्या तळाशी का दिसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. हा दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, पाण्याच्या एकूण साठ्यावर नाही. भिंत व खडक यांमधील वीतभर फटीत साठलेले पाणीही तळ्यातील पाण्याइतकाच दाब देते.

तळाच्या स्लॅबवर हाच दाब खालून वर कार्य करतो व त्यास उत्थापक दाब म्हणतात. काँक्रीटचे वजन दर घ. मी.ला सु. २,४०० किग्रॅ. असल्याने ३० सेंमी. जाडीचा स्लॅब केवळ स्वतःच्या वजनाने सु. ७२ सेंमी. उंचीच्या पाण्याचाच उत्थापक दाब तोलू शकतो. पाणी याहून वर चढले, तर स्लॅबमधील गज, भिंतींशी असलेला जोड व वरील इमारतीचे वजन यांवर सारी मदार राहते. बांधकाम चालू असताना वरचे मजले झालेले नसतात. अशा वेळी पाणी उपसणे अवेळी थांबविले, तर संपूर्ण तळघर तरंगून वर उचलले जाण्याचा धोका असतो.

भेगेतून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण दाबाबरोबर वाढतेच, परंतु भेगेच्या रुंदीचा प्रभाव त्याहून कितीतरी मोठा असतो. समांतर पृष्ठांमधील प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे भेग निम्म्याने अरुंद असेल, तर प्रवाह अष्टमांश होतो. सु. ०·१ ते ०·२ मिमी.पेक्षा अरुंद व न हलणाऱ्या भेगा पुष्कळदा आपोआप बुजतात. झिरपणाऱ्या पाण्यात काँक्रीटमधील चुना विरघळतो व कार्बन डाय-ऑक्साइडाशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटाचे स्फटिक भेगेत साचतात. या कारणास्तव प्रबलित काँक्रीटसंबंधीच्या भारतीय मानकात (आयएस ४५६ : २०००) ओलाव्याच्या वा भूजलाच्या सतत संपर्कातील भागांसाठी भेगेच्या पृष्ठीय रुंदीची मर्यादा ०·२ मिमी. व अधिक तीव्र परिस्थितीत ०·१ मिमी. ठेवण्यात आली आहे.

गळतीची कारणे : गळतीस पाण्याचा उगम, पाण्याची वाट व पाण्याला ढकलणारा दाब अशा तीन गोष्टी लागतात. उगम अनेक असू शकतात. भूजलाची पातळी तळघराच्या वर असणे हा एक. पण पुष्कळदा भूजल खोल असूनही तळघर गळते. खोदाईच्या भिंती व काँक्रीटची भिंत यांमधील जागा नंतर भरावाने भरतात. हा भराव मूळ जमिनीपेक्षा सैल असल्याने पावसाचे पाणी त्यात सहज मुरते व भोवतालची जमीन घट्ट असल्यास तेथेच साठते. छपराचे पाणीही दुर्लक्षण्याजोगे नसते. १०० चौ. मी. छपरावर २५ मिमी. पाऊस पडला, तर २,५०० लि. पाणी जमते. ते पन्हाळीतून भिंतीच्या पायथ्याशीच सोडले, तर बहुतांश भरावात उतरते. याशिवाय फुटलेली जलवाहिनी वा मलवाहिनी, भिंतीलगतची बाग व जमिनीखालील टाकी हेही उगम असतात.

पाण्याच्या वाटांमध्ये सर्वांत सामान्य वाट म्हणजे तळाचा स्लॅब व भिंत यांमधील बांधकाम-सांधा होय. स्लॅब आधी व भिंत नंतर ओतली जात असल्याने हा सांधा अटळ असतो. सांध्यावर माती, लाकडाचा भुसा वा सिमेंटची साय राहून गेली, तर दोन्ही काँक्रीटे एकजीव होत नाहीत. दुसरी वाट म्हणजे काँक्रीट सुकताना व थंड होताना आकसल्यामुळे पडणाऱ्या उभ्या भेगा. तिसरी वाट काँक्रीट नीट न कोंदल्यामुळे राहिलेल्या, मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ जागांची असते. साच्याच्या दोन बाजू बांधून ठेवणाऱ्या बोल्टांची भोके, भिंतीतून जाणाऱ्या नळांभोवतीच्या फटी आणि आधीचा थर घट्ट होऊन गेल्यावर पुढचा ओतल्याने पडलेले सांधे या आणखी काही वाटा होत.

यांखेरीज काँक्रीटच्या अंगच्या सच्छिद्रतेमुळेही ओल येते. सिमेंटच्या जलसंयोगासाठी त्याच्या वजनाच्या सु. ०·४ पट पाणी पुरते. ओतणे सोपे व्हावे म्हणून अधिक पाणी घातल्यास ते पुढे उडून जाते व त्याच्या जागी एकमेकींस जोडलेल्या सूक्ष्म नलिका राहतात. त्यांतून केशाकर्षणाने ओल चढते. हे पाणी वाहत नाही. पण भिंतीवर पांढरा लोणा येणे, रंगाचे पोपडे सुटणे व बुरशी वाढणे हे परिणाम दिसतात.

गळतीचे परिणाम : सामानाची नासाडी व कोंदट हवा हे परिणाम तत्काळ जाणवतात; गंभीर परिणाम मात्र दृष्टीआड घडतात. चांगल्या काँक्रीटमधील अल्कधर्मी परिस्थितीत पोलादी गजांवर एक संरक्षक पटल तयार होते. भेगेतून पाणी, ऑक्सिजन व विशेषतः क्लोराइडे गजांपर्यंत पोहोचली म्हणजे हे पटल नष्ट होऊन गज गंजतात. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने भोवतालचे काँक्रीट फुटते, भेग रुंदावते व गळती आणि गंज ही दोन्ही एकमेकांना वाढवू लागतात. ज्या भिंतीवर संपूर्ण इमारत उभी आहे तिच्याच बाबतीत हे घडत असल्याने गळती हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

निदान : दुरुस्तीपूर्वी पाण्याचा उगम व वाट निश्चित करणे आवश्यक असते. दमट हवेतील बाष्प थंड भिंतीवर निवून भिंत ओली होते व ती गळती असल्याचा समज होतो. हा भेद ओळखण्यासाठी भिंतीचा एक भाग कोरडा करून त्यावर सु. ४५ सेंमी. चौरसाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवितात व एकदोन दिवसांनी पाहतात. खोलीकडील बाजूस थेंब दिसले, तर ओल हवेतून आलेली असते व त्यावर वायुवीजन हाच उपाय ठरतो. भिंतीकडील बाजू ओली असल्यास पाणी भिंतीतून येत असते.

गळती केव्हा होते यावरून तिचा उगम बराचसा कळतो. पाऊस सुरू होताच काही तासांत गळती दिसल्यास पृष्ठावरील किंवा छपराचे पाणी भरावातून उतरत असते. पावसाळा संपल्यावरही ती अनेक आठवडे टिकल्यास भूजल वर चढलेले असते. बारा महिने सारख्याच प्रमाणात चालू राहणारी गळती बहुधा एखाद्या नळातून होते. नळ काही काळ बंद ठेवून मीटर पाहिल्यास ते पडताळता येते. समुद्रालगत भरती-ओहोटीप्रमाणे गळतीचे प्रमाण बदलत असल्यास जमिनीतील पाण्याचा समुद्राशी संबंध असतो.

भेगेची दिशाही अर्थपूर्ण असते. अरुंद उभी भेग सामान्यतः आकसण्यामुळे पडते व ती बुजविता येते. तिरपी व एका टोकाला रुंदावत जाणारी भेग पाया असमान खचल्याचे लक्षण असते. भिंतीच्या मध्यउंचीजवळ आडवी भेग पडून भिंत आत फुगलेली दिसल्यास बाहेरील दाब भिंतीच्या शक्तीबाहेर गेलेला असतो. शेवटच्या दोन्ही प्रकारांत जलरोधनापूर्वी संरचना अभियंत्याकडून भिंतीची तपासणी व आवश्यक ते मजबुतीकरण करणे अनिवार्य असते. भेग स्थिर आहे की हलती, हे पाहण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंस खुणा करून काही महिने अंतर मोजतात.

बाहेरील उपाय : सर्वांत स्वस्त उपाय पृष्ठावर करावयाचे असतात. भिंतीलगतची जमीन इमारतीपासून दूर उतरती करतात. पहिल्या ३ मी. अंतरात सु. १५ सेंमी. उतार देणे इष्ट असते. भरावाच्या वरच्या थरात चिकणमाती घालून अथवा फरसबंदी करून पाणी मुरण्यास प्रतिबंध करतात. छपराच्या पन्हाळी लांबवून पाणी दूर सोडतात. केवळ एवढ्याने अनेक तळघरे कोरडी होतात व म्हणून इतर खर्चिक उपायांपूर्वी हे करून पाहणे श्रेयस्कर असते.

ते पुरे न पडल्यास भिंत बाहेरून उघडी करून जलरोधन करतात. भिंतीलगत पायाच्या वरच्या पातळीपर्यंत चर खणतात. चर पायाखाली नेल्यास पायाचा आधार जाऊन इमारत खचू शकते. म्हणून खोदाई थोड्या थोड्या लांबीत करतात. १ घ. मी. ओल्या मातीचे वजन २,००० किग्रॅ.पर्यंत असल्याने खोल चराच्या बाजूंना आधार दिल्याखेरीज त्यात उतरणे प्राणघातक ठरू शकते. भिंत स्वच्छ घासून पोकळ जागा व भेगा भरतात आणि भिंत व पाया यांच्या कोनात मसाल्याची गोलाई (वाटा) देतात. नंतर बिटुमेनयुक्त पटले, पॉलियुरेथेनासारखे द्रवरूपात लावावयाचे लवचिक लेप अथवा बेंटोनाइट मृत्तिकेची चटई यांपैकी एकाचा अखंड थर देतात. बेंटोनाइट ओले होताच फुगते व दोन बाजूंनी दाबलेले असल्यास पाण्याची वाट बंद करते. बाहेरून दिलेला थर पाण्याच्या दाबाने भिंतीवर अधिकच घट्ट बसतो. आतून दिलेला थर त्याच दाबाने भिंतीपासून सुटू पाहतो. बाहेरील उपाय अधिक टिकाऊ असण्याचे हेच मुख्य कारण होय.

या थरावर संरक्षक फळ्या वा उंचवटे असलेले निचरापत्र लावून पायाशेजारी छिद्रांची नळी बसवितात. नळीभोवती खडी व खडीभोवती गाळणकापड असते. त्यामुळे मातीचे बारीक कण नळीत शिरत नाहीत. नळीला सु. १०० ते २०० मी.ला १ मी. उतार देऊन पाणी खालच्या पातळीवरील गटारात किंवा साठवण खड्ड्यात सोडतात. निचऱ्यामुळे भिंतीमागे पाणी साठत नाही व दाब नाहीसा होतो.

आतील उपाय : शेजारची इमारत, रस्ता वा मालमत्तेची हद्द यांमुळे शहरांत बाहेरून खोदणे बहुधा अशक्य असते. अशा वेळी भेगा आतून बुजवितात. जोराने वाहणाऱ्या पाण्यासाठी तीन ते पाच मिनिटांत घट्ट होणारे विशेष सिमेंट वापरतात. भेग छिनीने सु. २ ते ३ सेंमी. खोल कोरून खाच आतल्या बाजूस रुंद ठेवतात. बाहेर रुंद व आत अरुंद अशा खाचेतील मसाला दाबाने बाहेर ढकलला जातो. पाण्याचा जोर अधिक असल्यास सर्वांत जोराच्या ठिकाणी एक लहान नळी बसवून पाणी तिच्यातून वाहू देतात. उरलेली भेग वरून खाली बुजवीत आणतात व मसाला पक्का झाल्यावर शेवटी नळीचे तोंड बंद करतात.

भेग भिंतीच्या पूर्ण जाडीत भरण्यासाठी रेझिनांचे अंतःक्षेपण करतात. भेगेच्या दोन्ही बाजूंस आळीपाळीने ४५ अंश कोनात छिद्रे अशा रीतीने पाडतात की, ती भिंतीच्या मध्याजवळ भेगेस मिळतील. छिद्रांत झडप असलेली तोंडे बसवून तळापासून रेझीन दाबाने भरण्यास प्रारंभ करतात. वरच्या तोंडातून रेझीन बाहेर दिसू लागले म्हणजे खालचे बंद करून वरच्यातून पुढे भरतात. एपॉक्सी रेझीन कठीण होऊन भिंतीचे दोन्ही भाग जोडते. परंतु त्यासाठी भेग शक्यतो कोरडी व स्थिर असावी लागते. हलत्या भेगेत ते भरल्यास शेजारीच नवी भेग पडते. पॉलियुरेथेन रेझीन पाण्याशी विक्रिया होऊन फेसाळते व फुगते; म्हणून ते वाहत्या गळतीसाठी उपयुक्त असते व लवचिक असल्याने थोडी हालचाल सहन करते. मात्र त्यामुळे भिंतीची शक्ती वाढत नाही. पसरट ओलीसाठी काँक्रीटच्या सूक्ष्म नलिकांत शिरून तेथे स्फटिक निर्माण करणारे सिमेंटयुक्त लेप वापरतात. साधा रंग वा गिलावा यांनी मात्र ओल काही काळ झाकली जाते एवढेच.

आतून भेगा बुजविल्यावरही भिंत बाहेरून ओलीच राहते व गजांचा धोका पूर्णपणे टळत नाही. तसेच पाण्याचा दाब कायम राहतो किंवा पूर्वी भेगेतून होणारा निचरा बंद झाल्याने वाढतोही. म्हणून जेथे गळती अनेक ठिकाणी असते तेथे आतून निचरा करणे अधिक योग्य ठरते. तळाच्या स्लॅबच्या कडेने पट्टा कापून त्याखाली छिद्रांची नळी व खडी घालतात, भिंतीतून आलेले पाणी तिच्यात घेतात व साठवण खड्ड्यातून पंपाने बाहेर काढतात. तळाचा स्लॅब राफ्ट पद्धतीचा, म्हणजे इमारतीचा भार वाहणारा असेल, तर तो कापता येत नाही. तेथे स्लॅबवरच उथळ पन्हळ करतात. ही व्यवस्था पंपावर अवलंबून असते. मुसळधार पावसात वीज जाण्याचा संभव अधिक असल्याने दुसरा पंप व स्वतंत्र वीजपुरवठा यांची तरतूद आवश्यक असते.

नव्या बांधकामातील जलरोधन : बीएस ८१०२ या ब्रिटिश मानकात (१९९०, सुधारित २००९ व २०२२) जलरोधनाचे तीन प्रकार मानले आहेत. पहिल्यात भिंतीवर स्वतंत्र जलरोधक थर असतो. दुसऱ्यात काँक्रीटची भिंतच पाणी रोखण्यास समर्थ अशी बांधतात. तिसऱ्यात थोडे पाणी आत येईल असे गृहीत धरून आतील पोकळीतून त्याचा निचरा करतात. महत्त्वाच्या तळघरांत यांपैकी दोन प्रकार एकत्र योजतात. कारण एकट्या थरातील लहानसा दोषही नंतर शोधणे अवघड असते. बांधकाम-सांध्यात पीव्हीसीची रुंद पट्टी किंवा ओलीने फुगणारी पट्टी बसवितात. काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण मर्यादित ठेवणे, ते नीट कोंदणे व किमान ७ ते १० दिवस ओले ठेवणे या साध्या गोष्टींवर पुढील गळती पुष्कळ अंशी अवलंबून असते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : मुंबई-पुण्याकडे ‘बॉक्स’ पद्धतीचे जलरोधन दीर्घकाळ प्रचलित आहे. खोदाईच्या तळावर साधे काँक्रीट ओतून त्यावर जलरोधक संयुग मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्यात खडबडीत शहाबादी फरशा बसवितात, त्यांचे सांधे भरतात व त्यावर मसाल्याचा आणखी एक थर देऊन मग राफ्ट ओततात. भिंत उभी झाल्यावर तिच्या बाहेरील अंगास थोडी फट ठेवून फरशा उभ्या लावतात व फटीत पातळ मसाला भरतात. अशा रीतीने तळघराभोवती जणू पेटीच तयार होते. ही पद्धत स्थानिक साहित्यावर व कारागिरांच्या परिचयावर आधारलेली आहे. परंतु हा थर कठीण असल्याने इमारत किंचित खचली तरी त्यास तडा जातो व आडव्या आणि उभ्या फरशांचा जोड हा तिचा दुबळा भाग असतो.

दख्खनच्या पठारावर बेसाल्ट खडकात खणलेले तळघर ही एक प्रकारची द्रोणीच असते. अखंड बेसाल्ट पाणी शोषत नाही. पाणी त्यातील सांध्यांतून व वरच्या मुरमातून येते आणि खडक व भिंत यांमधील भरावात साठते. येथे भराव निचऱ्याचा असणे व साठलेल्या पाण्याला बाहेर वाट असणे हे भिंतीवरील लेपाइतकेच महत्त्वाचे असते. काळ्या मातीच्या प्रदेशात उन्हाळ्यात माती आकसून भिंतीलगत फट पडते व पहिल्या पावसाचे पाणी तिच्यातून सरळ पायापर्यंत जाते. नंतर माती फुगून भिंतीवर रेटा देते. म्हणून भरावासाठी काळ्या मातीऐवजी मुरूम वापरतात. किनारपट्टीवर, विशेषतः मुंबईतील भराव टाकून केलेल्या जमिनीत, भूजल उथळ व खारे असते. क्लोराइडांमुळे गज लवकर गंजत असल्याने तेथे बाहेरील थरास पर्याय नसतो.

पूर व सुरक्षितता : झिरपण्यामुळे होणारी गळती व पुराचे पाणी दारातून वा उतारावरून आत शिरणे या भिन्न गोष्टी आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. अशा वृष्टीपुढे भिंतीचे जलरोधन निरुपयोगी असते. तेथे प्रवेशाची पातळी रस्त्यापेक्षा उंच ठेवणे व बाहेर पडण्यास पर्यायी मार्ग असणे आवश्यक ठरते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगर भागात एका इमारतीच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्यू पावले.

पाण्याने भरलेले तळघर घाईने उपसणे धोक्याचे असते. आतील पाणी भिंतींना आतून आधार देत असते. ते एकदम काढल्यास भिजलेल्या मातीचा व पाण्याचा बाहेरील दाब भिंतींना आत ढकलतो व तळाचा स्लॅब उचलला जातो. म्हणून बाहेरील पाणी ओसरल्यावर प्रथम सु. ३० सेंमी. पाणी काढून पातळीची खूण करतात व दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतात. पातळी पुन्हा वाढल्यास बाहेरचे पाणी अद्याप उंच असते व उपसा पुढे ढकलतात. वीजपुरवठा बाहेरून खंडित केल्याखेरीज अशा पाण्यात उतरू नये.

देखभाल : जलरोधन एकदा करून विसरण्याजोगे नसते. निचरानळ्या गाळाने व मुळांनी भरतात, पन्हाळी तुंबतात, भराव खचून भिंतीकडे उतार होतो व पंप वापराविना अडकतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी यांची तपासणी करणे, पंप चालवून पाहणे व जुन्या भेगांवरील खुणांचे अंतर नोंदविणे यांस फारसा खर्च येत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी व किती पावसानंतर ओल दिसली याची इमारतीच्या दप्तरात ठेवलेली नोंद पुढील निदानास उपयोगी पडते. अशी नोंद नसल्यास दर दुरुस्तीच्या वेळी पाण्याचा उगम नव्याने शोधावा लागतो आणि दृश्य भेग बुजवून मूळ पाणी तसेच ठेवण्याची चूक पुन्हा होण्याचा संभव राहतो.